समाधानकारक जुलै

जुलैच्या मध्यावर आमच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात फोन उघडून हवेची गुणवत्ता बघा. 'चांगली', नाहीतर गेलाबाजार 'समाधानकारक'. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा श्रेणींतल्या या वरच्या दोन. आणि बाहेर नुकती उगवलेली बाजरी माना टाकून उभी.

दोन्ही करणी एकाच वाऱ्याची. नैर्ऋत्येचे ढग घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर तिथून शे-दीडशे किलोमीटरवर माण-सांगोल्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. डोंगर उतरून आलेला वारा उरलेसुरले ढगही पुढे हाकत नेतो, पण जाता जाता धूर-धूळही कुठे साठू देत नाही. म्हणजे वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा आम्हाला मिळते ती नेमकी दुबार पेरणीच्या धास्तीत. छाती भरून श्वास घ्यावा, तर तो उसासा होऊन बाहेर पडतो.

याउलट माघ-फाल्गुन. तूर निघालेली, हरभरा आणि शाळू काढणीला आलेला. रात्री आभाळ निरभ्र, त्यामुळे जमीन झपाट्याने गार होते, तिच्या लगतची हवाही गार, आणि वर मात्र उबदार हवेचं झाकण. संध्याकाळी शेकोट्यांचा नि चुलींचा धूर थोडा वर चढतो आणि मग गावावर आडवा पसरून राहतो, सकाळी ऊन तापेपर्यंत. त्यात मळणी यंत्रं सुरू. भुसकटाचा लोट असा की पलीकडचा माणूस आवाजावरून ओळखावा. पूर्वी तिवईवर उभं राहून सुपातलं धान्य वाऱ्यावर उपणायचे, तेव्हा वाऱ्याची वाट बघत बसावं लागे. आता यंत्र स्वतःचा वारा घेऊन येतं. वाऱ्याची दिशा अजूनही बघतात, पण ती भुसकट कुणाच्या अंगणात जाणार याच्या काळजीने.

पण त्या दिवसांत हवेबद्दल कुरकुरणारं कुणी मला भेटलेलं नाही. लोट जितका मोठा तितकी रास मोठी. यंत्रात कणसं टाकणाऱ्या बाया पदर नाका-तोंडाला गच्च बांधतात आणि रात्री खोकतात. त्यांची गोष्ट कुठल्याच आकड्यात येत नाही. फोनवर दिसणारा आकडा बहुधा जिल्ह्याच्या गावातल्या यंत्राचा किंवा गणिती अंदाजाचा असतो. खळ्यावर कुणी यंत्र बसवलेलं नाही. 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात सोलापूर, लातूर, जालना, सांगली यांची नावं आली, तेव्हा शहरातल्या पाहुण्यांना नवल वाटलं. गावाकडची हवा म्हणजे शुद्ध, हा त्यांचा समज. त्यांनी एकदा वैशाखातली वावटळ अंगावर घ्यावी. वळवाच्या आधी येणारा तो मातीचा पडदा दारं-खिडक्या बंद करूनही अंथरुणात शिरतो. पण त्याच्या मागे पाऊस असतो, म्हणून तीही वावटळ आम्हाला चालते.

चालत नाही ती उसाच्या पाचटाची आग. ही मात्र धड मळणी नाही की पाऊस नाही. काडी लावली की तासाभरात फड मोकळा, आणि काजळीच्या काळ्या चिंध्या गच्चीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर. वर त्या आगीत जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय कर्बही जातो, जो या कोरड्या मातीत आधीच कमी आहे. पाचट कुट्टी करून सरीत ठेवलं तर ओलही टिकते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण कुट्टीच्या यंत्राला भाडं पडतं, मजूर मिळत नाहीत, आणि काडीपेटी खिशातच असते.