“तुम्ही भारतातल्या ना? मग तुम्हाला तर जाणवणारच!”

गेल्या रविवारी एका अनोळखी बाईंनी हे इतक्या प्रेमाने म्हटलं की मला उलट बोलताच येईना. आई, बाबा आणि मी रोलराइटला गेलो होतो. इंग्लंडमधल्या आमच्या बॅनबरीहून गाडीने अर्ध्या तासावर, ऑक्सफर्डशायर आणि वॉरिकशायरच्या हद्दीवर, टेकाडाच्या माथ्यावर हे उभ्या दगडांचं रिंगण आहे. मी एका दगडाला तळवा टेकवून उभी होते. थोड्या वेळाने हाताला मुंग्या यायला लागल्या, त्या कोपरापर्यंत चढल्या, मानेवर काटा आला आणि मी झटकन हात काढून घेतला. त्या बाईंनी ते पाहिलं. त्यांच्या हातात काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन सळ्या होत्या.

मुंग्या खऱ्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच काही लिहिणार आहे आणि त्यातून ‘हिला काही झालंच नव्हतं’ असा अर्थ कोणी काढू नये.

स्टोनहेंज तुम्ही सगळ्यांनी निदान फोटोत तरी पाहिलंय. तिथे एरवी लांबूनच बघावं लागतं. रोलराइटला दगडांमध्ये फिरता येतं, त्यांना हात लावता येतो. रिंगणाचा व्यास साधारण ३३ मीटर, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. दगड चुनखडीचे, अनरशासारखी जाळी पडलेले, माणसाच्या उंचीच्या आतबाहेरचे. त्यांना ‘राजाचे सैनिक’ म्हणतात. एका चेटकिणीने राजाला फौजेसकट दगड करून टाकलं, अशी गोष्ट आहे. दगड पुन्हा पुन्हा मोजले तर आकडा सारखा येत नाही, असंही म्हणतात. रस्त्यापलीकडे एकटा उभा आहे तो राजा. त्याचा आकार विचित्र वाकडा आहे, कारण गुरं हाकत नेणारे लोक ताईत म्हणून त्याचे टवके काढून नेत, असं सांगतात. हे वाचल्यावर बाबा म्हणाले, “म्हणजे सगळीकडे माणूस सारखाच.” आईचं लक्ष भलतीकडेच होतं. दगडावरचे राखाडी-पिवळे पापुद्रे निरखत ती म्हणाली, “अगं, हे तर दगडफूल!” आपल्या गोड्या मसाल्यातलं नव्हे, पण जात तीच, आणि इथले काही पापुद्रे शेकडो वर्षांचे आहेत. ते खरवडले जाऊ नयेत म्हणून लोक जपून हात लावतात. हे मला फार आवडलं.

आता त्या बाई. त्यांचं म्हणणं असं की जमिनीतून ऊर्जेच्या रेषा जातात, त्या या रिंगणात एकमेकींना छेदतात आणि तिथे सळ्या आपोआप फिरतात. अशा सरळ रेषांची कल्पना १९२१ साली हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्सने मांडली. पण त्याच्या मते त्या जुन्या पायवाटा होत्या. ऊर्जाबिर्जा त्याने कधी म्हटलंच नव्हतं, ते नंतरच्या पिढीने जोडलं. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं, पण वागळे इस्टेटमध्ये अख्खी नोकरी मशीन दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला सळी हातात घेतल्याशिवाय राहवेना. त्यांनी मागितल्या, बाईंनी लगेच दिल्या. दोन पावलं चालून बाबा मला म्हणाले, “मनगट केसभर कललं तरी सळी वळते बघ. आपण वळवतोय हे आपल्याला कळतही नाही.” नकळत होणाऱ्या या हालचालींबद्दल विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच लिहून ठेवलंय.

मग बाबांनी थेट विचारलं, “डोळे बांधून चालाल का?”

मला वाटलं, झालं, आता बाई दुखावणार. मी काही बोलायच्या आत त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून स्वतःच डोळ्यांवर बांधला! आईने त्यांचा दंड धरला, दोनदा जागेवर गोल फिरवलं आणि हळूहळू रिंगणातून नेलं. सळ्या जुळल्या, पण आधी डोळे उघडे असताना जिथे जुळल्या होत्या तिथून बऱ्याच लांब. स्कार्फ सोडून त्यांनी ती जागा पाहिली आणि म्हणाल्या, “बरं झालं विचारलंत. मला अजूनही जाणवतं, पण हे मी लक्षात ठेवीन.” मग आईला त्यांनी थर्मासमधला चहा दिला.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय, कारण आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत नेमका हाच प्रश्न विचारला म्हणून बाबांशी लोक महिनोन्महिने बोलत नव्हते. टँकरचं बिल डोईजड झालं तेव्हा बोअर मारायचं ठरलं आणि कमिटीतल्या एका काकांनी मुरबाडहून पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून पार्किंगमधून फिरला. जिममागच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. बाबा तेव्हा सेक्रेटरी होते. “डोळे बांधून पुन्हा तीच जागा दाखवा,” असं त्यांनी म्हटलं आणि पाणाड्याच्या आधी काकाच चिडले. बोअर तिथेच मारली, पाणी लागलं. काका आजही म्हणतात, पाणाड्यामुळे लागलं. बाबांचं म्हणणं, येऊरच्या पायथ्याशी भेगाळलेल्या काळ्या दगडात आवारात कुठेही लागलं असतं. दुसरी बोअर कोणी मारून पाहिली नाही, त्यामुळे वाद मिटायची सोयच नाही.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली हा वाद मिटवायचा रीतसर प्रयत्न झाला होता. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाईप इकडेतिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं. निवडून काढलेले ४३ जण आणि आठशेहून जास्त फेऱ्या. ‘काहींना खरंच जमतं,’ असं आयोजकांनी जाहीर केलं. नंतर जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासून दाखवलं की नशिबाने जितकं जुळेल तितकंच जुळलं होतं.

पण माझी चिडचिड सळ्यांवरून नाहीच. ती ‘तुम्ही भारतातल्या ना?’ या वाक्यावरून आहे, आणि ते मी इथे पहिल्यांदा ऐकलेलं नाही. ऑफिसात योगाचं पोस्टर लागलं की मला विचारतात. कोणी ध्यान सुरू केलं की मला सांगायला येतात. जणू ठाण्याची मुलगी म्हणजे जन्मतःच स्पंदनं पकडणारी अँटेना! मी सहावीत होमी भाभा परीक्षेसाठी मासुंदा तलावाजवळच्या क्लासला जायचे हो. आमच्याकडे जत्रा, नवस, अंगात येणं हे सगळं आहे, नाकारत नाही. पण ते तपासून बघणारी माणसंही आमच्याच मातीतली आहेत. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून पन्नास आले असते. हे मी बाईंना सांगायला हवं होतं खरं, पण चहा पिताना कोणाशी भांडायचं?

आणि दगडांचं म्हणाल तर तेही आपल्याकडे आहेत. नागपूरच्या वेशीवर, काटोल रोडला, जुनापाणीला महापाषाण काळातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. रोलराइटपेक्षा वयाने लहान, पण संख्येने केवढी! रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. मी अजून तिथे गेलेले नाही. वर्षाकाठी मिळणाऱ्या रजेत दात, बँक, दोन लग्नं आणि सासरचं कुलदैवत बसवायचं असतं, त्यात नागपूर बसत नाही. ठाण्यात राहणाऱ्यांनी मला यावरून बोलू नये, बोरिवलीला एक्सरचे वीरगळ आहेत, शिलाहारांच्या काळातले, त्यावर समुद्रातली लढाई कोरलीय. लोकल आणि रिक्षा एवढंच अंतर आहे. किती जण गेलात?

इथल्या लोकांचं मला मनापासून आवडतं ते वेगळंच. १९७७ साली पॉल डेव्हरो आणि त्यांच्या मित्रांनी ‘ड्रॅगन प्रोजेक्ट’ सुरू केला. लोकांना दगडांपाशी मुंग्या येतात, गरगरतं, आवाज ऐकू येतात, तर मग मोजू या, एवढाच हेतू. तळ कुठे ठोकला? रोलराइटलाच. पहाटेच्या थंडीत अल्ट्रासाउंडची यंत्रं लावली, किरणोत्सार मोजला, चुंबकीय क्षेत्र मोजलं. आधी अल्ट्रासाउंडची काही चमत्कारिक नोंद मिळाली, पण ती पुन्हा पुन्हा मिळेना. ग्रॅनाइटच्या जागी किरणोत्सार जास्त निघाला. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतंच, तेव्हा त्यात नवल नाही. काही जागी होकायंत्र बिथरलं. दगडांतून कुठलीशी गूढ ऊर्जा वाहते, हे मात्र हाती लागलं नाही, आणि डेव्हरो यांनी तसं सांगितलंही. ज्या गोष्टीवर आपला विश्वास बसलेला असतो तिच्या मागे इतकी वर्षं घालवायची आणि शेवटी ‘नाही सापडली’ असं छापायचं, याला काळीज लागतं.

कधीकधी मोजणाऱ्याला भलतंच काही सापडतं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, कॅलनिशजवळ, एका एकट्या उरलेल्या दगडापाशी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी जमिनीखालचं चुंबकत्व तपासलं. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजून साठलेल्या झाडपाल्याच्या थराखाली आख्खं रिंगण गाडलं गेलंय आणि त्याच्या मध्यात ताऱ्याच्या आकाराचा चुंबकीय ठसा आहे. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे प्रचंड वीज पडली, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा पडली. रिंगण आधी की वीज आधी, यावर बाबा जेवताना तासभर बोलत होते.

त्यांना आणखी आवडली ती व्हिक टँडीची हकिगत. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत या इंजिनिअरला रात्री अंगावर काटा यायचा, डोळ्यांच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. एक दिवस त्याने तलवारबाजीचं पातं पकडीत अडकवून ठेवलं तर ते आपोआप थरथरायला लागलं! शोध घेतल्यावर नवा बसवलेला पंखा सापडला. कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर तो खोलीत उभी करत होता. १९९८ मध्ये टँडीने त्यावर निबंध लिहिला. रोलराइटच्या उघड्या माळावर पंखा नाही, तेव्हा माझ्या मुंग्यांना हे उत्तर चालत नाही. बाबांचं निदान साधं आहे: मी दिवसभर माउस धरणारा हात गार, ओल्या दगडावर मनगट मागे मोडून दाबून धरला होता, शीर दबली. मानेवरच्या काट्याचं काय, विचारलं, तर म्हणाले, “इतक्या जुन्या दगडाला हात लावून काटा नाही आला तर कधी येणार?”

हे मला पटलं. त्या काट्यासाठी भारतातलं असावं लागत नाही, आणि तो खोटा ठरवायची घाईही नको. पुढच्या आठवड्यात आम्ही एव्हबरीला जाणार आहोत. तिथे तर दगडांच्या रिंगणातच गाव वसलंय. बाबांनी होकायंत्र मागवलंय आणि माझ्या डोळ्यांवर बांधायला आईने ओढणी काढून ठेवलीय. कोणत्या दगडापाशी उभं केलंय ते मला न सांगता बाबा नोंद घेणार. दगडाऐवजी गावातल्या एखाद्या साध्या भिंतीवरही मध्येच हात ठेवायला लावणार आहेत.

तोवर तुमच्याकडून एक हवंय. ठाणे, घोडबंदर, नवी मुंबई, कुठेही सोसायटीत पाणाड्या आणून बोअर मारली असेल आणि त्याच आवारात पाणाड्याशिवाय दुसरीही मारली असेल, तर दोन्हींची खोली आणि पाणी किती फुटांवर लागलं ते मला कळवा. कोरडी गेलेली बोअरही सांगा, तीच कोणी सांगत नाही.