बॅच ७ : पेल एल अखेर निवळली

मागच्या नोंदीत २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) निवळण्यासाठी जिलेटिन घालून चार दिवसांनीही धुरकटच होती. आता ग्लासामागे धरलेली बारीक अक्षरं वाचता येतात! जिलेटिन तेच, मात्रा तीच. बदललं फक्त तापमान.

आधी निदान. थंड ग्लास २० अंशांपर्यंत येऊ दिला तर धूसरपणा पार विरला, म्हणजे चिल हेझ, थंडीत येणारा आणि ऊब मिळताच जाणारा धूसरपणा. यीस्ट किंवा स्टार्च असता तर ऊब देऊन काहीच फरक पडला नसता. खात्रीसाठी वेगळ्या काढलेल्या चमचाभर बिअरमध्ये आयोडीनचा थेंब टाकला. निळा-काळा रंग आला नाही, म्हणजे स्टार्च नव्हता, तेव्हा मॅशवरचा (गरम पाण्यात माल्टच्या स्टार्चची साखर करण्याच्या टप्प्यावरचा) संशय मिटला.

बार्लीतली प्रोलीनयुक्त प्रथिनं आणि माल्टच्या सालीतले व हॉप्समधले पॉलिफेनॉल थंडीत एकमेकांना चिकटतात, ऊब मिळाली की सुटतात. पहिला डोस पडला तेव्हा बिअर १० अंशांवर होती. यीस्टवर ऋण भार, बिअरच्या पीएचला जिलेटिनवर धन. त्यामुळे यीस्ट तेवढं खाली गेलं. हेझचे कण मात्र तेव्हा पुरते जुळलेच नव्हते. पुढे बिअर १ अंशावर गेली आणि ते जुळले, पण तोवर जिलेटिन साक्यात जाऊन बसलेलं.

म्हणून दुसऱ्या वेळी बिअर आधी १ अंशावर सलग ४८ तास ठेवली. उकळून गार केलेल्या १२० मिली पाण्यावर ३ ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन भुरभुरून १५ मिनिटं फुगू दिलं, मग ढवळत ६५ ते ७० अंशांपर्यंत नेलं आणि बिअरच्या केगमध्ये (पिंपात) ओतलं. उकळी येऊ देऊ नका, रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि पकड जाते. केगचं झाकण उघडं असेपर्यंत वरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहा. निवळलेल्या बिअरला ऑक्सिजन लागला तर हेझ कायमचा बसू शकतो. ७२ तासांत बिअर नितळ. पहिला अर्धा लिटर साका म्हणून ओतून द्यायचा आणि त्यानंतर केग हलवायचा नाही, कारण जिलेटिनचा थर फार हलका असतो. तरंगती डिप ट्यूब (वरच्या थरातून बिअर ओढणारी नळी) इथे खरोखर उपयोगी पडते.

‘फायनिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, वजन किंवा ब्लूम (जिलेटिनच्या घट्टपणाचा आकडा) न छापलेल्या पुड्या घेऊ नयेत. ब्लूम लिहिलेली साधी पावडर काट्यावर मोजता येते.

पुढच्या बॅचला पीव्हीपीपी (पॉलिफेनॉल शोषून घेणारी पावडर) घालायचं ठरलं होतं. पण स्पार्जची (माल्टवर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुऊन काढण्याची) नोंद पुन्हा पाहिली तर शेवटच्या रनिंगचा, म्हणजे खाली उतरणाऱ्या रसाचा, पीएच ६.१! सालीतलं टॅनिन, म्हणजे तेच पॉलिफेनॉल, तिथूनच उतरलं असणार. आता स्पार्जचं पाणी लॅक्टिक ॲसिडने ५.६ वर आणायचं, तापमान ७५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, रसाची सापेक्ष घनता १.०१० झाली की रनिंग थांबवायचं. उकळीची शेवटची १५ मिनिटं उरली की ३ ग्रॅम आयरिश मॉस (प्रथिनं खाली बसवणारं समुद्री शेवाळ), तेही वर्टचा (यीस्ट घालण्याआधीच्या माल्टच्या गोड रसाचा) पीएच ५.२ च्या आसपास आहे हे बघून. पीव्हीपीपी तूर्त डब्यातच.

आणि हे लिहितानाच सुचलं: वर्टचे १०-१० लिटरचे दोन भाग करावेत. एकात यीस्टसोबतच प्रोलीनपाशी प्रथिनं कापणारं एन्झाइम घालायचं, दुसऱ्यात नाही. दोन्हींना एकच यीस्ट, जिलेटिन कशातच नाही. १ अंशावर आठवडाभर ठेवून दोन्ही ग्लास शेजारी शेजारी.