करिझ्माचं इंजिन, इम्पल्सची चासी

इंजिन आधी आलं, चासी, म्हणजे गाडीची लोखंडी चौकट, नंतर शोधली. उलटाच क्रम. मित्राची करिझ्मा, हीरो होंडाची बाईक, समोरून ठोकली गेली, इंजिन मात्र ठणठणीत होतं. "घेऊन जा, आई रोज ओरडतीय," म्हणाला. 223 सीसी, 17 पीएस ताकदीचं ते धूड घरी आणलं, आणि शेताकडच्या जुन्या खाणीच्या चढावर ते मातीत पळवायचं माझ्या डोक्यात बसलं.

पहिला विचार अर्थातच यामाहा आरएक्स 100 च्या चासीचा. हलकी गाडी, आणि कोल्हापुरात आरएक्सचं वेड कुणाला नाही! उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीमामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "98 सीसीची चासी हाय ती. हे इंजिन बसवायला नळी कापणार, का इंजिन?" शिवाय चांगली आरएक्स कापणं म्हणजे पापच. विषय तिथंच मिटला.

मग करिझ्माचीच चासी का नको? इंजिन जसंच्या तसं बोल्टला बसतं. पण ती रस्त्याची गाडी, पोट जमिनीजवळ. मागं उंच शॉक लावले की पुढून झुकणार, मग फोर्क लांब घ्या, मग चाकं बदला. शेवटी बोल्टची चार भोकं तेवढी फुकट मिळणार.

उरली इम्पल्स, कच्च्या रस्त्यासाठीची बाईक. होंडाशी फारकत घेतल्यावर हीरोनं 2011 मध्ये आणलेली. जमिनीपासून 245 मिलिमीटर उंच, पुढं 19 इंची चाक, मागं मोनोशॉक म्हणजे मधोमध एकच शॉक, वजन 134 किलो. फक्त तिचं मूळ 150 सीसीचं इंजिन चढाला धापा टाकायचं. तिच्यात करिझ्माचं इंजिन घालणारा मी काही पहिला नव्हे, त्यामुळं जमेल एवढी खात्री होती.

पहिली चासी मी एकटाच जाऊन घेतली, तीही संध्याकाळी, अंधुक उजेडात. नवा रंग बघून भुललो. मामांनी कोनसेटच्या, म्हणजे हँडल जिथं फिरतं त्या, नळीखाली बोट फिरवलं आणि पॉलिश पेपर मागितला. रंगाखाली वेल्डिंगचा जुना टाका, त्याच्या कडेला केसासारखी चीर. मग दोन्ही चाकांच्या बाजूनं दोरी ताणली, तर पुढचं चाक रेषेतच येईना. साडेतीन हजार पाण्यात.

दुसऱ्या वेळी मामांना सोबत नेलं. दिवसा. ही चासी गंजलेली, कुरूप, पण मूळ रंगातली. चासी नंबर स्पष्ट, आरसी बुक मालकाच्या नावावर. चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, बोल्ट हातोडीच्या दोन ठोक्यांत सरकला, बुश खाल्लेले होते पण ते लेथवर होतात. इंजिनाच्या बोल्टची भोकं गोल होती. ती लांबट झाली असतील तर गाडी सैल बोल्टवर पळलीय असं समजायचं.

खरं काम इथून पुढं. भरलेलं इंजिन रोज उचलून बघायला कंबर कुणाकडं आहे? मामांनी कुठून तरी करिझ्माचा रिकामा चेंबर, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, आणला, त्यावर हेड-ब्लॉक नुसतेच चढवले आणि तो सांगाडा चासीत लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. आधी चेन बघितली. पुढचा आणि मागचा स्पॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चक्रं, एका रेषेत आल्याशिवाय बाकी काहीच ठरवायचं नाही. आमचा सांगाडा चार मिलिमीटर डावीकडं होता. तो सरकवला, तेव्हा कुठं पुठ्ठ्याचे साचे कापले, त्यावरून सहा मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटा.

दोन गोष्टी मला कधीच सुचल्या नसत्या. फोर्कमधल्या स्प्रिंगा काढून पुढची बाजू पूर्ण खाली दाबायची आणि चाक बेंड पाईपला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडं जाणाऱ्या नळीला, टेकतंय का ते बघायचं. टेकत होतं! पाईप पुन्हा वाकवला. दुसरी, टॅपेटचं (व्हॉल्व्हची फट जुळवायचं) झाकण इंजिन न उतरवता निघालं पाहिजे. वरच्या नळीखाली जेमतेम बोट जात होतं, म्हणून अख्खं इंजिन आणखी खाली घेतलं. जमिनीपासूनची उंची थोडी गेली, मला वाईट वाटलं. मामा म्हणाले, "टॅपेट करायला दर खेपेला इंजिन उतरवशील, तवा आठवंल."

ही गाडी रस्त्यावर येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल बघता, कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून ती छोटा हत्ती टेम्पोत घालून खाणीपर्यंत जाते. भावकीतले हसतात, हसू देत.

पहिल्या रविवारी चढ दुसऱ्या गिअरमध्येच निघाला. वर पोचून उतरायला गेलो, तेव्हा कळलं की प्लेटांच्या गडबडीत साईड स्टँडचा ब्रॅकेट बसवायचा राहून गेलाय. गाडी अजून बाभळीला टेकवूनच उभी करतो.