राजीनाम्याची पोचपावती

इंदूरच्या रामबागेत राहतो. अठरा वर्षं एका पक्षाचा बूथवरचा कार्यकर्ता होतो. आमच्या गल्लीची मतदार यादी माझ्याकडे असायची. निवडणूक आली की प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करायची: आपला, विरोधी नाहीतर ढुलमुल, म्हणजे काठावरचा. हा हिंदी शब्द आमच्या मराठी घरांतही सर्रास चालतो.

नोव्हेंबर २०२३ची विधानसभा झाली आणि समोरच्या काकू विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन आल्या. समग्र आयडीतून, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीतून, काकांचं नाव अजून निघालं नव्हतं, त्यावर काम अडलं होतं. मी कागद आमच्या पदाधिकाऱ्याकडे नेले. त्याने अर्ज उघडलाच नाही, यादी मागितली. काकूंच्या नावापुढे 'वि' होता, माझ्याच हातचा. "काका, इनका बाद में देखेंगे," एवढंच बोलला. ती खूण मी कधी केली ते मला लख्ख आठवत होतं. काकूंच्याच ओसरीवर, त्यांच्या हातचा चहा पिऊन, त्यांच्या मुलाच्या एका वाक्यावरून. काकूंचं काम मग मी महापालिकेच्या झोन ऑफिसात दोन खेपा घालून केलं. पण त्या पक्षात राहायचं नाही, हे त्या दिवशीच ठरलं.

आत येताना फोनवरून मिनिटभरात सदस्य होता येतं. बाहेर पडायचा फॉर्म मात्र मला कुठे मिळाला नाही. शेवटी चार ओळी हिंदीत लिहिल्या: नाव, सदस्यता क्रमांक, प्राथमिक सदस्यत्व आणि बूथची जबाबदारी दोन्ही सोडत आहे, तारीख. कारण लिहिलं नाही. पत्र कार्यालयात नेलं तर हातात घ्यायला सगळे तयार, झेरॉक्सवर सही करून द्यायला कोणी नाही. "घर की बात है, काका." मग दोन मुलं घरी येऊन बसली. त्यांना नाही म्हणणं सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी ज्यांनी मला खळ लावून पोस्टर चिकटवायला शिकवलं ते आले. ते रागावले नाहीत, नुसते बसून राहिले. जाताना म्हणाले, "तुझं तू बघ, पण येत जा." तेव्हा मात्र डोळे भरून आले.

पत्र शेवटी रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. आठव्या दिवशी कार्ड परत आलं, शिक्का आणि सहीसकट. ते मी जपून ठेवलंय. असं काही करणार असाल तर पोचपावती आधी हातात घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप मग सोडा.

यादी परत द्यायची होती. आदल्या रात्री खोडरबर घेऊन बसलो आणि एकेक खूण पुसली. काकूंची पुसली गेली, पण पेन्सिल इतकी दाबून चालवली होती की कागदावर वळ राहिला.

सूनबाईने विचारलं, "बाबा, आता तुमचं नाव मतदार यादीतून कटणार का?" नाही. त्या यादीत नाव, वय, पत्ता असतो. पक्षाचा रकानाच नसतो. त्यामुळे तिथे काही बदलावंही लागत नाही. गल्लीत कोणी पक्षांतरबंदी कायद्याची भीती घातली. तो १९८५चा कायदा आमदार-खासदारांसाठी आहे, तुमच्या-माझ्यासारख्या साध्या सदस्याला लागू नाही.

१३ मे २०२४ला लोकसभेचं मतदान होतं. केंद्रापासून दोनशे मीटरवर पक्षाचं एक टेबल, दोन खुर्च्या; मतदाराला यादीतला अनुक्रमांक तिथे लिहून देतात. इतकी वर्षं त्यातली एक माझी होती. या वेळी अनुक्रमांक घरूनच कागदावर लिहून नेला आणि तिथून सरळ पुढे गेलो. बोटाला शाई लागली, बटण दाबलं. आपलं मत छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती खाली पडेपर्यंत मी पाहत उभा राहिलो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कोणाला दिलंत?" अठरा वर्षांत तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मी म्हटलं, "नाही सांगणार." ती हसली आणि म्हणाली, "मग मीही नाही सांगणार."