पुराच्या दिवशी गाडीतून घेतलेली वीज

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि बडोद्याचा बराच भाग पाण्याखाली आला. पाण्यात करंट उतरून कोणी दगावू नये म्हणून अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा बंद ठेवण्यात आला होता, आणि तो निर्णय योग्यच होता. मी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे काम करते. पाऊस उघडून ऊन पडले त्या सकाळी कारेलीबागेकडच्या एका सोसायटीतून काकूंचा फोन आला. त्यांच्या छतावरचे ३ किलोवॅटचे पॅनेल आमच्याच हातचे होते.

काकांना फुप्फुसांचा जुना विकार आहे आणि त्यांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र, दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. वीज गेल्यापासून त्यांना सिलिंडरवर ठेवले होते. मिनिटाला २ लिटर या प्रवाहाने बी-टाइपचा भरलेला सिलिंडर साधारण बारा तास पुरतो. हा शेवटचा होता, आणि नवा आणून देणारा माणूस पाण्यामुळे पोहोचू शकत नव्हता. "अगं, वर कडकडीत ऊन पडलंय, पॅनेल स्वच्छ धुतले गेलेत, मग आपल्याच घरात वीज का नाही?" काकूंनी विचारले.

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो, आणि बहुतेक जण तो यंत्रणा बसवून झाल्यानंतर विचारतात. जास्तीची सौर वीज लाइनवर सोडून तिचा हिशेब ठेवणारे नेट मीटर असलेल्या घरांत, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा जो इन्व्हर्टर सहसा बसतो, तो स्वतःची वीज स्वतः उभी करत नाही. तो बाहेरून येणाऱ्या लाइनचा दाब (व्होल्टेज) आणि वारंवारता पाहतो, त्यांच्याशी जुळवून घेतो आणि मगच छतावरची वीज घरात सोडतो. लाइन गेली की त्याने ताबडतोब थांबावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांचाच दंडक आहे. तो तसा थांबला नाही, तर लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराच्या हातात आपल्या छतावरची वीज पोहोचेल.

काकूंकडे मात्र आणखी एक साधन होते आणि ते त्यांच्या लक्षात आले नव्हते. त्यांची इलेक्ट्रिक गाडी उंच जोत्यावरच्या पोर्चमध्ये कोरडी उभी होती आणि तिच्यात व्ही-टू-एलची, म्हणजे गाडीतून बाहेर वीज घेण्याची, सोय होती. गाडी चार्ज करण्याच्या जागीच एक अडॅप्टर लावला की गाडीच्या बॅटरीतून घरातल्यासारखी २३० व्होल्टची वीज मिळते. मी फोनवरच चार्ज विचारला. ६२ टक्के होता.

रस्त्यात कमरेएवढे पाणी होते. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जागा मिळाली आणि मी केबलची गुंडाळी, मल्टिमीटर आणि रबरी हातमोजे घेऊन निघाले. वाटेत कागदावर हिशेब मांडला. कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३५० वॅट लागतात, म्हणजे चोवीस तासांचे ८.४ युनिट झाले. एक कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, दोन दिवे आणि मोबाइल धरून साडेनऊ युनिट धरायला हरकत नव्हती. गाडीची बॅटरी ४० युनिटची, तिच्यातले ६२ टक्के म्हणजे सुमारे २५ युनिट शिल्लक. त्यांतले २० टक्के चार्जचे ८ युनिट गाडीला रुग्णालयापर्यंत जाता यावे म्हणून राखायचे, आणि उरलेल्या सतरांतून रूपांतरातली घट व गाडीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च वजा करायचा. चौदा युनिट हाती येतील असे मी धरले. म्हणजे जवळपास दीड दिवस निघणार होता.

पोहोचले तेव्हा सिलिंडरच्या गेजचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. सोसायटीतली चार माणसे पोर्चमध्ये जमली होती आणि शेजारच्या भाईंनी मदत म्हणून दोन्ही टोकांना पिन-टॉप (प्लग) लावलेली एक वायर तयार ठेवली होती. एक टोक गाडीच्या अडॅप्टरमध्ये आणि दुसरे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचले की सगळे घर उजळेल, पाण्याची मोटरही चालेल, असा त्यांचा विचार होता. माणूस मनाने चांगला, आणि काकांसाठी जिवाचे रान करणारा. पण अशा वायरीची बाहेर राहिलेली पिन जिवंत असते आणि हात लागला तर माणूस जाऊ शकतो. शिवाय मेन स्विच पाडायचा राहून गेला, तर हीच वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे आपल्यासाठी कमी करतो, तसाच तो उलट दिशेनेही काम करतो. त्या दिवसांत लाइनमन गुडघाभर पाण्यात उभे राहून पुरवठा पूर्ववत करत होते. मी ती वायर मागून घेतली आणि भाईंसमोरच तिची एक पिन कापून टाकली. त्यांना वाईट वाटले असेल, पण तिथे समजूत घालत बसायला वेळ नव्हता.

घराच्या वायरिंगला मी हातच लावला नाही. भिंती ओलावलेल्या होत्या, आणि गाडीतून येणाऱ्या विजेचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सहसा जमिनीशी जोडलेला नसतो. अशा वेळी घरातला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नेहमीसारखा संरक्षण देईलच, असे धरून चालता येत नाही. म्हणून अडीच चौरस मिलिमीटरची तीन-कोअर केबल खिडकीतून थेट काकांच्या खोलीत नेली आणि बोर्ड पलंगाच्या दांडीला जमिनीपासून वर बांधला. मल्टिमीटरवर २३० व्होल्ट दिसले. कॉन्सन्ट्रेटरने आधी लांब बीप दिली, मग हिरवा दिवा लागला. काही मिनिटांनी काकांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा हळूहळू वर सरकू लागला आणि काकूंनी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला.

दुपारी त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याचा प्रश्न हुशारीचा होता: इन्व्हर्टरला फक्त लाइन दिसायला हवी असेल, तर गाडीची वीज त्याला दाखवून पॅनेल सुरू का करू नयेत? इन्व्हर्टर खरोखरच फसू शकतो. पण त्या क्षणी छतावरून दोन किलोवॅट वीज येईल आणि घरात भार जेमतेम चारशे वॅटचा असेल. उरलेली वीज गाडीकडे वळली, तरी व्ही-टू-एलच्या मार्गाने ती बॅटरीत शिरू शकत नाही. दाब वाढेल, गाडी स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडेल आणि कॉन्सन्ट्रेटर बंद पडेल. म्हणून सौर यंत्रणा तोडणारा स्विच, म्हणजे आयसोलेटर, मी खाली पाडूनच ठेवला होता. वर ऊन वाया जात होते आणि खाली बॅटरी रिकामी होत होती, हे पाहणे माझ्या व्यवसायातल्या माणसाला फार जड जाते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. तेव्हा गाडीत २८ टक्के चार्ज शिल्लक होता.

पुढे त्या घरी आम्ही जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी बसवली. लाइन गेली की तो आधी घराला लाइनपासून तोडतो आणि मग स्वतःची वीज उभी करून पॅनेल चालू ठेवतो. अशा वेळी दुपारचे ऊन १५ अँपियरच्या चार्जरने गाडीत भरता येते. हा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो, त्यामुळे ढग आले की करंट कमी करण्याची सोय असलेलाच घ्यावा लागतो. रोजच्या दिवसांत हा खटाटोप करू नये, असे मी काकूंना स्पष्ट सांगितले. नेट मीटर असताना जास्तीची वीज लाइनवर गेली की ती हिशेबात जमा होतेच, आणि गाडीत भरून परत काढण्यात काही युनिट फुकट जातात. गाडी रोज दुपारी ऑफिसात उभी राहत असेल, तर सौर विजेच्या साठ्यासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाहीच. काका-काकूंची गाडी दिवसभर घरीच असते, म्हणून हे जमले.

एक अडचण राहतेच. गाडीला चार्ज करण्याचा आणि तिच्यातून वीज घेण्याचा मार्ग एकच असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. दिवसा चार्जर काढून संध्याकाळी अडॅप्टर लावेपर्यंत कॉन्सन्ट्रेटर छोट्या बॅटरीवर चालतो. ती बॅटरी घेण्याचा मी आग्रह धरला तो त्यासाठीच. ही अदलाबदल काकू स्वतः करतात. गेल्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी दिवसभर लाइन बंद होती, तेव्हा त्यांनी मला फोन केला तो फक्त गाडीत किती टक्के चार्ज राखून ठेवायचा एवढे विचारण्यासाठी.