टोक दिसतंय की, मग लेझर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही, घरचे उठून जातात. सुट्टीच्या दिवशी लेझर सर्व्हेच्या फायली उघडून डोंगरांची खरी टोकं शोधत बसतो म्हटलं की रत्नागिरीत काय नि राजापुरात काय, पहिला प्रश्न ठरलेला, अहो टोक डोळ्यांना दिसतं की, त्याला लेझर कशाला?

दिसतं ते घाटावर. कळसूबाईला 1646 मीटरवर कुणाला शंका यायचं कारण नाही. आपल्याकडे सडा असतो. घाम काढत वर आलात की लांबच लांब जांभ्याचा कातळ, त्यावर दोन-चार टेकाडं, उंचीत फरक असला तर हातभर, आणि एकावर उभं राहिलं की समोरचं उंच वाटतं, तिकडे गेलं की हे. गवंड्याची पाण्याची नळी लावून निकाल लागेल खरा, पण मध्ये करवंदाच्या जाळ्या आणि अर्धा किलोमीटर अंतर, कोण धरणार नळी? काही जण सर्व्हेचा जुना दगड दाखवतात, हेच टोक म्हणून. तो दगड लांबचं दिसावं म्हणून बसवलेला असतो, तीच सगळ्यात उंच जागा असेल असं काही नाही.

फुकट मिळणारे उंचीचे नकाशे आहेत. 2000 साली अमेरिकेच्या स्पेस शटलने 11 दिवसांत रडारने पृथ्वीवरची साधारण 80 टक्के जमीन मोजली, तोच डेटा बरेच जण वापरतात. पण त्यात जमिनीच्या एकेका चौकोनाला एकच उंची, आणि चौकोन 30 मीटरचा, त्यात कलमांची छोटी बाग मावते, आणि रडार झाडांच्या पानांत अडकतं ते वेगळंच. लेझरचं तसं नाही. विमानातून किंवा ड्रोनवरून सेकंदाला लाखभर किंवा जास्तच झोत सोडतात, प्रत्येक परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. एकाच झोताचा थोडा भाग शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून, आणि पानांच्या फटीतून खाली पोचलेला जमिनीवरून. शेवटचे तेवढे ठेवायचे, झाडं गायब. चांगल्या सर्व्हेत उंचीची चूक 10-15 सेंटिमीटर. मात्र काम एप्रिल-मेमध्ये झालेलं हवं, पावसाळ्यानंतरचं दाट गवत लेझरला जमीनच वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. परतलेल्या प्रत्येक झोताचा फायलीत एक ठिपका होतो, त्यातला कुठला जमीन आणि कुठला नाही हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि त्याला कोकण माहीत नाही. बागेभोवतीचा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, बुटका नि रुंद असला की तो जमिनीत धरला जातो, म्हणजे सड्याचं सर्वोच्च टोक कुणाच्या तरी कंपाउंडवर! उलट सुळका असला की एकदम उभा वर गेलेला बघून ते त्याला इमारत समजून कापून टाकतं, जे शोधतोय तेच गायब. म्हणून ठिपक्यांवरून काढलेल्या आयत्या एक मीटरच्या चौकोनांच्या नकाशावर मी विश्वास ठेवत नाही, मूळ ठिपके उघडून बाजूने कापून बघतो. गडगा, पाण्याची टाकी, चिऱ्यांचा ढीग मी धरत नाही. गडाचा बुरूजही नाही, पण शेकडो वर्षांची मातीची भर धरतो, यावर वाद घालणारे आहेत, घालोत. चिरेखाणीने टोकच खाल्लं असेल तर उरलंय त्यातलं उंच तेच टोक, दुसरा इलाज नाही.

इंग्लंडमध्ये हा लेझर डेटा घरबसल्या डाउनलोड होतो, आपल्याकडे रस्त्याच्या नाहीतर खाणीच्या कामाला कुणी ड्रोन उडवला असेल तर ओळखीने मागायचा. तिकडे 2000 फूट, म्हणजे 609.6 मीटर गाठलं की पर्वत, असं एक माप धरतात. 2016 मध्ये तिथल्या सरकारी नकाशा खात्याने काफ टॉप नावाच्या डोंगराची उंची 609.606 जाहीर केली, 6 मिलिमीटरने पास! एवढं बारीक लेझरने होत नाही, लेझर जागा दाखवतो, शेवटचा आकडा तिथे भारी जीपीएस ठेवूनच काढावा लागतो. तोही जपून वाचायचा. जीपीएसची कच्ची उंची समुद्रापासून नसते, मनातल्या एका गुळगुळीत पृथ्वीपासून असते, म्हणून आपल्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत उभं राहिलं तरी उणे साठ-सत्तर मीटर दाखवतं. फोनचं ॲप ती दुरुस्ती बहुतेक वेळा आपली आपण करतं, सर्व्हेच्या फायलीत कोणती उंची आहे ते आपल्याला बघावं लागतं.

आणि उपयोग काय म्हणाल, तर माझ्यापुरता काही नाही, आवड आहे. पण सपाट सड्यावर उंचवटा नेमका कळला की पावसाचं पाणी कुठून दुभंगतं तेही कळतं. एका गावात वरच्या कातळाचं पाणी आपल्याच पऱ्याला येतं असं सगळे धरून होते, नकाशात ते निम्म्याहून जास्त पलीकडच्या वाडीकडे उतरताना दिसलं. तो प्रिंटआउट दोन्ही वाड्यांनी मागून घेतलाय.