तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात माझं काय?

गणपतीच्या आरतीनंतर, फोनवर, पुण्याला आले की जेवतानाही तोच प्रश्न येतो. बारा जणांनी मिळून एकच चाल वाजवायची, मग त्यात तुझं काय? गाणं शिकलेली मुलगी तू, स्कॉटलंडात ग्लासगोला जाऊन बॅगपाइपवाल्यांच्या पाइप बँडात कशाला उभी राहतेस? आजवर ‘आवडतं’ एवढंच म्हणत आले. आज नीट सांगते.

बॅगपाइप कर्कश आहे असं कृपा करून म्हणू नका. काखेतली हवेची पिशवी कोपरानं दाबून वाजवायचं ते मोकळ्यावरचं वाद्य आहे, तुम्ही ते हॉलमध्ये ऐकलंत. सनईला मागे सूर धरणारा लागतो. इथे तो सूर वाद्यातच असतो, एकच सूर धरणाऱ्या नळ्यांत, म्हणजे ड्रोनांत: दोन टेनर आणि त्यांच्या एक सप्तक खाली एक बेस. चाल वाजते ती भोकांच्या नळीवर, चँटरवर, आणि तिच्यावर स्वर नऊच. आवाज लहानमोठा करता येत नाही आणि चाल सुरू झाली की आवाज मध्ये तोडताही येत नाही. त्यामुळे एकच स्वर दोनदा हवा असेल तर मध्ये कणस्वर टाकूनच तो वेगळा करावा लागतो. सगळं कसब त्या कणांत आहे. पूर्वी गुरू हे अक्षरांत गाऊन शिकवत, तबल्याचे बोल म्हणतात तसं.

फौजेचं वाद्य, म्हणता? पाइप बँड फौजेनंच घडवला, हे खरं. 1854 मध्ये ब्रिटिश लष्करानं स्कॉटलंडच्या हायलँड रेजिमेंटांना पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, अधिकृतपणे मंजूर केले. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये लूसच्या लढाईत पायपर डॅनियल लेडलॉ विषारी वायूत खंदकाच्या काठावर चढून वाजवत राहिला, आणि त्या सुरांमागे माणसं गोळ्यांसमोर गेली. हे मला टोचतं. आपल्याकडे 29 जानेवारीला दिल्लीत विजय चौकात, बीटिंग रिट्रीटला, वाजतात ते पाइपही तिथूनच आलेले.

आता ग्लासगो ग्रीनचं सांगते. ऑगस्टमधली पाइप बँडांची जागतिक स्पर्धा, आमची श्रेणी शेवटून पहिली. सकाळपासून पाऊस. रीड ओलावलेली, बोटं गार. पाइप मेजर, म्हणजे आमचे बँडप्रमुख, प्रत्येकाच्या खांद्याशी येऊन ड्रोन सूतभर वरखाली करत होते, चँटरच्या भोकावरची चिकटपट्टी नखानं सरकवत होते. माझ्यापाशी थांबून ऐकलं, मान हलवली, पुढे गेले. तेवढ्यानं मला धन्य वाटलं.

सुरुवात अशी असते: ढोलांचे दोन रोल. दुसऱ्यावर सगळ्यांनी एकदम बॅगवर हात मारायचा, ड्रोन उठतात, मग एकच स्वर सगळ्यांचा मिळून, मग चाल. मी कोपर आधी दाबलं. ड्रोनच्याही आधी माझा चँटर ओरडला. एकटा. वर्तुळाबाहेर फिरणाऱ्या परीक्षकाची पेन्सिल कागदावर टेकलेली मला दिसली. मग बाकीचे अकरा जण आले आणि माझा आवाज त्यांच्यात बुडाला. पुढची तीन-चार मिनिटं मी एकही चूक केली नाही. त्यानं काही बदललं नाही. आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही. बसमध्ये कोणी मला बोललं नाही. बेस ड्रमवाल्या आजोबांनी थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला.

इतक्या वर्षांत माझा पाइप वेगळा ऐकू आला तो तेवढाच.

गाण्याच्या क्लासला जाणारी मी तेव्हा म्हणायचे की स्वतःचा आवाज सापडला नाही तर संगीत कशाला? ती मला अजून विचारते, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. बाराही पाइप अचूक मिळाले की वर्तुळाच्या मध्यावर एक गुंजन तयार होतं, ते कुणा एकाचं नसतं, एवढंच मी तिला सांगते. ती म्हणते, मग ते तुझं कसं? कधी वाटतं तिचंच बरोबर आहे, एकटीनं वाजवावं. मंगळवार आला की मी सरावाला जाते.

त्या दिवसापासून दुसऱ्या रोलला माझं कोपर क्षणभर थांबतं. पाइप मेजरच्या ते लक्षात आलंय. गेल्या आठवड्यात म्हणाले, आता तू उशिरा येतेस.